फुलोऱ्याची घाई

मंडी शहर मागे टाकून निघालेला रस्ता बियास नदीच्या काठाने पंडोहच्या धरणाकडे जातो आणि पुढे मनालीपर्यंत तिची सोबत सहसा सोडत नाही. प्राचीन वाङ्मयातील विपाशा ती हीच. औटच्या बोगद्यापर्यंत दरी इतकी अरुंद आहे की डोक्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. बोगदा संपला की डोंगर दोन्ही बाजूंना मागे सरतात, उजेड वाढतो आणि बजौऱ्यापासून कुल्लूची खरी दरी सुरू होते. भुंतरजवळ पार्वती नदी बियासला येऊन मिळते. तेथून कुल्लू, कटराई, नग्गर, मनाली अशी गावे एकेक पायरी चढत गेल्यासारखी वर वर जातात. कांगड्याच्या किल्ल्यातील भगवान आदिनाथांच्या प्राचीन प्रतिमेचे दर्शन घेऊन कुल्लूकडे वळणाऱ्या यात्रेकरूंना ही दरी परिचित असते. परंतु बहुतेकांनी ती पाहिलेली असते मे महिन्याच्या सुट्टीत, फुले गळून गेल्यावर आणि फळे सुपारीएवढी झाल्यावर.

वसंतात या रस्त्याने वर चढणे म्हणजे पंचांगाची पाने उलटी चाळणे होय. भुंतर समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, कुल्लू सुमारे १२०० मीटरवर, तर मनाली २००० मीटरांच्याही वर. शंभर-सव्वाशे मीटर चढून गेले की फुलोरा तीन-चार दिवसांनी मागे पडतो, असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे खाली पाकळ्या गळत असतात तेव्हा मध्यावर झाडे पूर्ण बहरलेली असतात आणि मनालीच्या बाजूला कळ्या अद्याप मिटलेल्या असतात. क्रमही ठरलेला असतो. प्रथम बदाम आणि जर्दाळू, मग आलुबुखारा आणि आडू म्हणजे पीच, त्यामागून नाशपाती आणि सर्वांत शेवटी सफरचंद. पहाडी माणूस ज्याला चेत म्हणतो, त्या चैत्रात खालच्या बागा उमलाव्यात आणि वैशाखात वरच्या, अशी या दरीची जुनी घडी आहे.

ती घडी आता वारंवार विस्कटते. थंडी सौम्य गेली, पौष-माघात बर्फ पडले नाही आणि फाल्गुन लागताच ऊन तापू लागले, की आलुबुखारा वेळेआधीच पांढरा होतो. त्याच्यामागे इतर झाडेही घाई करतात. पर्यटकाला तो शुभ्र डोंगरउतार पाहून आनंद होतो, तो छायाचित्रे काढतो. त्याच उताराकडे पाहून बागवानाच्या कपाळावर आठी उमटते. येथे फळबागेच्या मालकाला बागवान म्हणतात आणि या शब्दाला गावात मान आहे. फूल लवकर आले याचा अर्थ पीक लवकर येईल असा नसतो. कित्येकदा पीक येणारच नाही, अशी ती पहिली सूचना असते.

या दरीत सफरचंद मूळचे नाही. रानटी नाशपातीची जात, जिला येथे कैंथ किंवा शेगल म्हणतात, आणि चुली नावाचा आंबट जर्दाळू ही येथली जुनी झाडे. सफरचंदाची व्यापारी लागवड इंग्रज अधिकाऱ्यांच्या हौसेतून सुरू झाली. कॅप्टन आर. सी. ली यांनी १८७० मध्ये कुल्लूजवळच्या बंद्रोल येथे बाग लावली, ही त्या इतिहासातील पहिली ठळक नोंद. परंतु त्या विलायती जाती बहुतांशी आंबटसर होत्या, भारतीय जिभेला त्या फारशा रुचल्या नाहीत.

कलाटणी मिळाली ती कुल्लूला नव्हे, तर सतलजच्या खोऱ्यावर उभ्या असलेल्या कोटगढला. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका संपन्न घराण्यातील सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी सबाथूला आला, पुढे कोटगढच्या पहाडात रमला आणि तेथलाच झाला. १९१६ मध्ये त्याने अमेरिकेतून गोड आणि लालबुंद अशा 'रेड डिलिशस' जातीची रोपे आणवून थानेदारच्या उतारावर लावली. स्वातंत्र्य चळवळीत त्याने १९२१ मध्ये कारावास भोगला. १९३२ मध्ये त्याने हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. धान्य मोजके पिकवणाऱ्या त्या डोंगरांना त्याने रोख पैशाचे पीक दिले. ज्या घरांत मीठ आणि लोखंड सोडून फारसे काही विकत येत नसे, त्या घरांतील मुले त्या पिकाच्या आधारावर शिकली. आज हिमाचल प्रदेशात एक लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र सफरचंदाखाली आहे आणि राज्याच्या फळउत्पादनाचा सिंहाचा वाटा या एकाच फळाचा आहे. इतके सारे एका झाडावर उभे असल्यामुळेच त्या झाडाचे वेळापत्रक चुकणे ही साधी गोष्ट राहत नाही.

सफरचंदाचे झाड हिवाळ्यात निष्पर्ण उभे असते तेव्हा ते मेल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते मोजणी करीत असते. व्यापारी घराला ही गोष्ट जमाखर्चाच्या भाषेत चटकन उमगेल. झाडाच्या दोन खतावण्या आहेत. पहिली थंडीची. शरदात पाने गळाली की कळ्यांना गाढ निद्रा येते आणि ठरावीक थंडी जमा झाल्याखेरीज ती निद्रा मोडत नाही. साधारणपणे सात अंश सेल्सिअसच्या खालचे तास यात मोजले जातात. 'रेड डिलिशस'च्या घराण्यातील जातींना असे हजार-बाराशे तास लागतात. कडाक्याची, शून्याखालची थंडी या खात्यात फारशी जमा होत नाही. दोन ते सात-आठ अंशांची, ओलसर, सलग थंडी सर्वांत उपयोगी. याउलट भर हिवाळ्यात दुपारचे ऊन सोळा-अठरा अंशांच्या पुढे गेले, तर आधी जमा झालेल्या रकमेतून काही वजाही होते.

दुसरी खतावणी उबेची. थंडीचे देणे पुरे फिटले की कळी जागी होण्यास मोकळी होते आणि तेथून पुढे ती ऊब साठवू लागते. पुरेशी ऊब साठली की कळीचे टोक प्रथम रुपेरी होते, मग हिरवे, मग घट्ट गुच्छ, मग गुलाबी कळी आणि अखेर पांढरे फूल. गार फेब्रुवारी आणि मंद तापत जाणारा मार्च असेल, तर हा प्रवास सात-आठ आठवडे चालतो. फेब्रुवारीच तापला तर तोच प्रवास निम्म्या वेळात उरकतो.

सौम्य हिवाळ्याची फसवणूक म्हणूनच दुहेरी असते. उंचावरच्या बागांना थंडी तरीही पुरते; तेथे लवकर आलेल्या उबेमुळे सारा फुलोरा वेळेआधी येतो. खालच्या बागांत पहिलेच खाते अपुरे राहते. तेथे झाड अर्धवट झोपेतून उठल्यासारखे वागते. एका फांदीवर फुले, दुसरीवर नुसती पालवी, तिसरी उघडीच. फुलोरा आठ-दहा दिवसांत आटोपण्याऐवजी तीन-चार आठवडे रेंगाळतो. बदाम, जर्दाळू, आलुबुखारा यांची थंडीची गरज मुळात कमी. ती लवकर भागते आणि म्हणून पहिली घाई त्यांचीच होते. एकाच दरीत, एकाच वर्षी, कोठे घाई आणि कोठे दिरंगाई दिसते ती यामुळे. दोहोंचे कारण एकच असते आणि दोहोंचा शेवटही बहुधा सारखाच.

मिटलेली कळी फार चिवट असते. टोक रुपेरी असताना ती उणे नऊ अंशांची थंडीही बऱ्याच अंशी सोसते. जसजशी ती उमलत जाते तसतशी तिची सहनशक्ती घटते. पूर्ण उमललेल्या फुलाला उणे दोन अंशांतच इजा होऊ लागते आणि पारा उणे चारच्या आसपास उतरला, तर बहुतेक फुले जातात. पाकळ्या दुसऱ्या दिवशीही शुभ्रच दिसतात. फूल चिरून पाहिले तर मधला गर्भ काळा पडलेला आढळतो. वेळेवर उमललेल्या बागेला हा धोका कमी, कारण तोवर रात्री सौम्य झालेल्या असतात. तीन आठवडे आधी उमललेली बाग मात्र अजून हिवाळ्याच्याच अंगणात उभी असते.

हिमाचलात नुकसान नेहमी कडाक्याच्या दहिवरानेच होते असे नाही. बहुधा ते गार पावसाने, गारपिटीने आणि चार दिवस झाकोळलेल्या आभाळाने होते. 'डिलिशस'च्या फुलाला स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही. शेजारी 'गोल्डन'सारख्या दुसऱ्या जातीची झाडे लागतात, दोहोंचा फुलोरा एकाच वेळी यावा लागतो आणि पराग इकडून तिकडे नेणारी मधमाशी लागते. तापमान बारा-तेरा अंशांच्या खाली असेल तर मधमाशी पोळ्याबाहेर फारशी पडत नाही. म्हणजे फूल लवकर आले, पण हवा गार राहिली, तर फूल वाट पाहून सुकते. हिवाळा बिघडला की दोन जातींचा मेळही चुकतो. 'गोल्डन' उमलते तेव्हा 'डिलिशस' निजलेले असते आणि ते जागे होते तेव्हा 'गोल्डन'च्या पाकळ्या गळालेल्या असतात.

यावर बागवानांनी शोधलेला एक उपाय पाहण्यासारखा आहे. परागासाठी उपयोगी अशा जातीच्या उमललेल्या फांद्या कापून, पाण्याने भरलेल्या बाटल्यांत वा डब्यांत ठेवून, त्या 'डिलिशस'च्या झाडांवर टांगतात. त्याला गुलदस्ता म्हणतात. दूरून पाहणाऱ्यास एखाद्या उत्सवाची सजावट वाटावी अशी ती बाग दिसते. वस्तुतः ती मधमाशीसाठी केलेली विनवणी असते. फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात. कुल्लूच्या जुन्या दगड-लाकडांच्या घरांत तर भिंतीतच कोनाडा सोडून देशी मधमाश्यांना कायमचे बिऱ्हाड दिलेले असे. जुनी घरे पाडून सिमेंटची बांधली गेली तेव्हा ते भाडेकरू निघून गेले. फुलोरा असेपर्यंत औषध फवारायचे नाही, हा शहाण्या बागवानाचा नियम आहे, कारण त्या फवाऱ्यात मधमाशी मरते आणि तिच्याबरोबर फळही. मध वर्ज्य मानणाऱ्या घरांतही सफरचंद खाल्ले जाते. त्या घरांवरही या जिवाचे ऋण आहेच आणि त्याला जपण्याचा विचार तर त्यांना सांगावा लागत नाही.

गेल्या काही वर्षांतील हवामान आठवले तर ही चिंता कल्पनेतली नाही हे दिसून येते. एप्रिल २०२१ च्या उत्तरार्धात सिमला जिल्ह्याच्या वरच्या पट्ट्यात ऐन फुलोऱ्यात बर्फ पडले. गारांपासून रक्षणासाठी बांधलेल्या जाळ्या बर्फाच्या भाराने कोसळल्या आणि त्यांच्याखाली फांद्या मोडल्या. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींतील कोणत्याही मार्चपेक्षा अधिक राहिले. जानेवारी २०२४ हिमाचलात जवळजवळ कोरडाच गेला आणि बर्फ आले ते फेब्रुवारी उजाडल्यावर. फेब्रुवारी २०२५ हा सरासरी तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनचा देशातील सर्वाधिक उष्ण फेब्रुवारी ठरला. पहाडात बर्फाला पांढरे खत म्हणतात. ते थंडीचे खाते भरते, हळूहळू वितळून मुळांपर्यंत ओल पोचवते आणि जमीन गार ठेवून कळीला घाई करू देत नाही. ते खत पडले नाही, तर बाजारातल्या कोणत्याही गोणीने त्याची भरपाई होत नाही.

खाली शेकडो मैलांवर बसलेल्या व्यापाऱ्याचा संबंध येथे येतो. सफरचंदाचा व्यवहार पुष्कळदा फळ तोडण्याच्या बराच आधी ठरतो. ठेकेदार किंवा आडत्याचा माणूस वसंतात बागेतून फिरतो, फुलोरा पाहतो आणि उभ्या झाडांचा अंदाज बांधून पीक उक्ते घेतो किंवा उचल देतो. त्या उचलीवर बागवानाचे खत, औषध, मजुरी, मुलांचे शुल्क, कधी मुलीचे लग्न अवलंबून असते. पुढे जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेट्या उतरू लागतात. सिमल्याजवळच्या बाजारांतून आणि दिल्लीच्या आझादपूरहून त्या वाशीच्या फळबाजारापर्यंत येतात. २०२४ च्या हंगामापासून हिमाचलाने वीस किलोंची एकसारखी पेटी सक्तीची केली. पूर्वी एकाच पेटीत कमी-अधिक माल कोंबला जाई आणि वजनाचा तोटा बागवानाच्या माथी येई, ही त्यामागची तक्रार होती.

उक्त्या सौद्याचा सारा पाया फुलोरा वाचण्याच्या कौशल्यावर आहे. मुरलेला ठेकेदार जाणतो की फूल म्हणजे फळ नव्हे. शंभर फुलांतून पाच-सात फळे धरली तरी झाडाला पूर्ण भार होतो. उरलेली फुले गळण्यासाठीच असतात. फळ धरल्यावरही मे-जूनमध्ये झाड आपणहून काही फळे टाकते. इतकी सूट आधीच धरून जुने लोक अंदाज बांधीत आणि तो बहुधा खरा ठरे. परंतु तो अंदाज नियमित ऋतूंवर बेतलेला होता. फुलोरा तीन आठवडे आधी आला, तर त्या शुभ्रतेवर किती भाव लावायचा? पुढच्या तीन आठवड्यांतल्या एखाद्या रात्री काय होणार, हे बागवानालाही ठाऊक नसते आणि ठेकेदारालाही. बाग जळाली तर उक्त्याने घेणारा बुडतो. उचल देणाऱ्याची रक्कम अडकते आणि बागवान पुढच्या वर्षाच्या पिकासकट बांधला जातो. कर्जाची एक गाठ अशी दोन्ही टोकांना बसते. हवामानावर आधारलेला पीकविमा सफरचंदाला लागू आहे, परंतु हवामानकेंद्र एका उंचीवर आणि बाग दुसऱ्या उंचीवर असली की कागदावरची थंडी आणि फुलाला लागलेली थंडी एक राहत नाही.

कोकणातील बागायतदाराला हे सारे परके वाटणार नाही. हापूसच्या मोहोरालाही डिसेंबरच्या गार रात्री हव्या असतात. थंडी उशिरा आली तर मोहोर टप्प्याटप्प्याने येतो. अवकाळी पाऊस झाला तर तुडतुडे, भुरी आणि करपा त्यावर तुटून पडतात. तेथेही कलमांचे सौदे पुष्कळदा मोहोर पाहूनच ठरतात. झाडे निराळी, उंची निराळी, परंतु फुलावर विश्वास ठेवून दिलेला पैसा दोन्हीकडे सारखाच अस्वस्थ असतो.

उपाय चाललेले आहेत. उतारांवर पांढऱ्या जाळ्या बांधलेल्या दिसतात, त्यांना शासनाचे अनुदान मिळते. दहिवराची शक्यता असेल त्या रात्री पाण्याचे तुषार सोडतात. पाणी गोठताना जी उष्णता बाहेर टाकते तिच्यामुळे फूल शून्याच्या आसपास टिकून राहते. ज्या बागेला पाणीच बेताचे, तिला मात्र हा उपाय परवडत नाही. कोणी गवतपाला पेटवून रात्रभर धूर करतो. त्याने थोडी ऊब मिळते, पण धुरात गाव कोंडते आणि पहाटेपर्यंत जागणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहते.

मोठा बदल मात्र झाडांच्या स्थलांतराचा आहे. झाड चालू शकत नाही, परंतु बाग चालते. बजौरा-भुंतरच्या खालच्या पट्ट्यातून सफरचंद उठत गेले आणि तेथे डाळिंब, जपानी फळ म्हणजे पर्सिमॉन आणि भाजीपाला आला. सोलापूर, सांगोला, नाशिककडच्या बागायतदारांना आपला वाटणारा 'भगवा' डाळिंबही आज कुल्लूच्या खालच्या बागांत पिकतो. महाराष्ट्राच्या अवर्षणी माळावर ज्याने संसार उभे केले, ते फळ हिमालयाच्या पायथ्याशी सफरचंदाची रिकामी जागा घेते आहे. दुसऱ्या टोकाला सफरचंद रोहतांगपलीकडे लाहौलच्या शीत, कोरड्या खोऱ्यात जाऊन पोचले आहे. तेथे पूर्वी बटाटा आणि वाटाणा पिकत असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यामुळे तेथला माल बाहेर काढणे सोपे झाले.

तिसरी वाट जात बदलण्याची. 'गाला'सारख्या जातींना 'डिलिशस'पेक्षा थंडी कमी लागते, म्हणून मधल्या उंचीवर त्या लावल्या जातात. बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी तर कमी उंचीवरच्या उष्ण गावात फळणारे सफरचंदाचे झाड निवडले आणि वाढवले. 'एचआरएमएन ९९' या नावाने ते देशभर गेले. महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनीही ते लावून पाहिले आहे. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परंतु कमी थंडीची जात म्हणजे बर्फाळ पहाडाच्या लालबुंद, दीर्घकाळ टिकणाऱ्या फळाला थेट पर्याय नव्हे. तिचा हंगाम जूनमध्येच येतो, तिचे गिऱ्हाईक वेगळे आणि टिकण्याची मुदतही वेगळी. जात बदलली की बाजारही नव्याने मिळवावा लागतो.

म्हणून दरीच्या मधल्या पट्ट्यातील कितीतरी घरांत दरवर्षी एक वाद उठतो. घरातला कर्ता मुलगा म्हणतो, खालची चार बिघे तोडून टाकू, डाळिंब लावू, बँकेचे हप्ते वेळेवर जातील. वडील म्हणतात, ही झाडे आजोबांनी पाठीवर रोपे वाहून लावली. एकदा तोडली की पुन्हा उभी राहायला दहा वर्षे जातील, आणि पुढच्याच वर्षी बर्फ पडले तर? दोघांचेही म्हणणे खरे असते. जुन्या पद्धतीचे सफरचंद भरघोस फळू लागण्यास सात-आठ वर्षे घेते आणि मग तीस-चाळीस वर्षे देत राहते. त्यामुळे कुऱ्हाड चालवणे म्हणजे एका हंगामाचा नव्हे, एका पिढीचा निर्णय असतो. ज्यांच्याकडे उंचावर दुसरी बाग आहे ते तोडू शकतात. ज्यांची सारी जमीन खालीच आहे, त्यांना निर्णय घेण्याइतकी मोकळीकही नसते. अशा घरात स्त्रिया मुकाट्याने झाडांच्या ओळींमध्ये लसूण आणि मटार लावतात. फूल गेलेच तर भाजीच्या पैशावर वर्ष निघावे म्हणून.

व्यापाऱ्याच्या बाजूनेही काही बागांत रीत बदलू लागली आहे. फुलावर उक्ता सौदा करण्याऐवजी फळ धरल्यानंतर, मे महिन्यात, बोलणी करावीत. उचल द्यायची तर ती खत-औषधापुरती द्यावी आणि उरलेली रक्कम प्रत्यक्ष पेट्यांवर, पट्टीप्रमाणे चुकती करावी. यात आडत्याचा नफा एखाद्या वर्षी घटतो, कारण भरल्या फुलोऱ्यात स्वस्तात मिळालेली बाग हातून जाते. पण ज्या वर्षी बाग जळते त्या वर्षी देणे-घेणे दोघांच्याही आवाक्यात राहते आणि पुढल्या हंगामात तोच बागवान त्याच पेढीकडे माल पाठवतो. पेढ्या पिढ्यान्पिढ्या चालतात त्या अशाच संबंधांवर. ऋतू विश्वासार्ह होते तेव्हा सौद्यात माणसाच्या शब्दाची परीक्षा क्वचित होत असे. आता ती दर वसंतात होते.

या दरीला भेट द्यायची असेल तर चैत्राच्या उत्तरार्धात जावे, आणि एका ठिकाणी न थांबता भुंतरपासून मनालीपर्यंत वर चढत जावे. नग्गरला रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचे निवासस्थान आहे. त्या उंचीवरून सारी दरी नजरेत येते. खाली डाळिंबाची लालसर पालवी, मध्ये जाळ्यांनी झाकलेले सफरचंद, वर देवदार आणि त्याहून वर बर्फाची रेषा. ती रेषा कोठे आहे हे आधी पाहावे, आणि मग फुलांकडे पाहावे.

रोपे लावण्याचा काळ त्याआधीचा, माघातला. पाने गळालेली, उघड्या मुळांची रोपे तेव्हा जुड्या बांधून विक्रीला येतात आणि रोपवाटिकांसमोर बागवान रांगा लावतात. पूर्वी तेथे प्रश्न एकच असे, फळाचा रंग कसा येईल? आता विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा की या जातीला थंडी किती तासांची लागते. उत्तर ऐकून माणूस क्षणभर वर डोंगराकडे पाहतो, मनाशी आपल्या बागेची उंची धरतो, आणि मग पैसे मोजतो.